दोन मुठींना करंगळी कमी

नाखवा सर संध्याकाळी फिरायला निघाले की कोणत्याही चौकात अचानक थांबत. उत्तरेकडे तोंड करत, उजवा हात सरळ ताणून डोळ्यांच्या रेषेत मूठ धरत आणि तिच्यावर डाव्या हाताची मूठ ठेवत. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला तरी हे आपले मुठीवर मूठ रचून उभे. मग करंगळीच्या जाडीएवढं खाली येऊन म्हणत, "इथं हाय." तिथे बहुतेक वेळा कोणाच्या तरी बेडरूमची खिडकी असायची. सरांना म्हणायचं असायचं की त्या खिडकीच्या मागे ध्रुव तारा आहे. हात लांब केला की मूठ म्हणजे दहा अंश आणि करंगळी म्हणजे एक, म्हणून पनवेलचा ध्रुव दोन मुठींना करंगळी कमी. हे माप त्यांच्या वडिलांचं. वडील उरणकडचे कोळी, गलबतावर तांडेल. मलबारहून वर येताना ध्रुव या मापात बसला की गलबत उजवीकडे वळवायचं, समोर घर येतं. सर म्हणायचे, "आमचा पत्ता आकाशात लिवलेला होता. पोस्टमनची गरज नव्हती."

हे सगळं मी सरांच्या शोकसभेत सांगणार होतो. मला बोलू दिलं नाही.

सूत्रसंचालक म्हणाला, वेळ कमी आहे, फक्त सरांचे विद्यार्थी बोलतील. मी सरांचा विद्यार्थी नव्हतो हे खरं आहे. माझे वडील मिठागरावर मजुरी करायचे, मी नववीत शाळा सोडली आणि जासईच्या रस्त्यावर टेम्पो चालवून सुरुवात केली. आज पनवेलमध्ये माझ्या अकरा इमारती उभ्या आहेत. पण मला डावलून माइक कोणाला दिला? माझ्याच एका इमारतीच्या सोसायटीच्या चेअरमनला. हे गृहस्थ सहा वर्षांपूर्वी नाशिकहून आले, ते सरांचे विद्यार्थी कधी झाले? त्यांनी माइक हातात घेऊन डोळे पुसले आणि म्हणाले, "ज्या माणसाने आम्हाला ध्रुव दाखवला, त्याच्या डोळ्यांसमोरून तो एका इमारतीने हिरावून घेतला." सगळी सभा वळून माझ्याकडे बघायला लागली. ती इमारत मी बांधली, हे बरोबर. तिच्या पाचव्या मजल्यावर ते स्वतः राहतात, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मी उठून निघून आलो. तिथे तोंड उघडलं असतं तर शिव्याच आल्या असत्या. म्हणून आता लिहितोय.

सरांची आणि माझी पहिली भेट माझ्या साइट ऑफिसमध्ये झाली. जुन्या पनवेलमध्ये बंद पडलेल्या भाताच्या गिरणीची जागा मी घेतली होती आणि तिथे सात मजले उभे करणार होतो. त्या जागेच्या दक्षिणेला एक घर सोडून सरांचं एकमजली घर. एके दिवशी पांढरा शर्ट, पायात रबरी चप्पल, काखेत फळ्यावर वापरतात तसा मोठा लाकडी कोनमापक, अशा थाटात सत्तरी ओलांडलेला एक माणूस आत आला. कोनमापकाच्या मधल्या भोकातून दोरा आणि दोऱ्याला जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी. मी मनात म्हटलं, आला शेजारी. इमारत उभी राहायला लागली की शेजारी येतातच. कोणाच्या भिंतीला तडा जातो, कोणाची हवा बंद होते, आणि प्रत्येक तक्रारीच्या पोटात एक आकडा असतो. आपण तोच आधी विचारायचा, वेळ वाचतो.

"बोला सर, किती पायजेत?"

"एकोणीस."

"एकोणीस लाख? कशाचे?"

"अंश," सर म्हणाले आणि त्यांनी कोनमापक माझ्या टेबलावर ठेवला. "माझ्या गच्चीवरून तुझी इमारत सव्वीस अंश भरणार. माझा ध्रुव हाय एकोणीसवर. दोन मजले कमी कर. पाचवर थांबलास तर कठड्यावरून निसटता दिसतो, मी मोजून बघितलंय."

मी हसलो. मग भडकलो. दोन मजले म्हणजे काय असतात हे मी त्यांना चढ्या आवाजात समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "आणि एक सांगायचं राहिलं. एकोणीस हे पण पक्कं नाय. तो एका जागी नसतो, छोटी फेरी मारतो. कधी साडेएकोणीसच्या वर जातो, कधी साडेअठराच्या खाली येतो."

तीस वर्षं सौदे करतोय, पण चालू सौद्यात स्वतःच्या विरुद्ध पुरावा आणून देणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मी संधी सोडतो की काय! म्हटलं, "म्हणजे अढळ नाहीच तो! ज्याचा स्वतःचा ठिकाणा नाही त्याच्यासाठी मी दोन मजले सोडू?"

सर मनापासून हसले. "बरोब्बर बोललास. पोरं पाठ करतात ध्रुव अढळ, ध्रुव अढळ. अरे, ध्रुव हे नाव नाय, ती खुर्ची हाय. पृथ्वी भोवऱ्यासारखी डुलते, तिचा आस जिकडं वळेल तिकडचा तारा त्या खुर्चीवर. पाच हजार वर्षांमागं दुसरा होता. अजून बारा हजार वर्षांनी अभिजित येईल. हा आत्ताचा आपल्या पाळीला आलाय इतकंच. पण जोवर खुर्चीवर हाय तोवर तो माझ्या गच्चीवरून दिसला पायजे."

तीन आठवडे आमचं भांडण चाललं. ते कोर्टात गेले नाहीत, पेपरात गेले नाहीत. रोज सकाळी येऊन माझ्यासमोर बसत आणि चहा स्वतःच्या पैशाने मागवत. मी पाण्याची टाकी पूर्वेला सरकवतो म्हटलं. ते म्हणाले, टाकीनं भागत नाय. मी आवाज चढवला की ते म्हणत, "मोजून बोल." हा त्यांचा ठेवणीतला शब्द होता, भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना लागू. शेवटी मी माझं हुकमी पान टाकलं. म्हटलं, "सर, मजले सातच राहतील. पण गच्चीची किल्ली तुम्हाला. कायमची. तुमच्या गच्चीवरून दिसत होता त्यापेक्षा चांगला दिसेल."

"माझ्या घरचा तारा तुझ्या किल्लीनं बघू? नाय." ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. "माझ्या गच्चीवर माणसं मावतात दहा. तुझ्या गच्चीवर किती?"

"शंभर तरी."

"मग मला किल्ली नको. दर शनिवारी गच्ची उघडी ठेव. कोणाला विचारायचं नाय, कोणी अडवायचं नाय. आणि हे तोंडी नको, करारात लिव."

मला वाटलं, फुकटात सुटलो. त्या इमारतीच्या प्रत्येक फ्लॅटच्या करारात बाविसावं कलम आलं: दर शनिवारी सूर्यास्तानंतर दोन तास गच्ची आकाशदर्शनासाठी सर्वांस खुली राहील. सव्वीस गिऱ्हाइकांनी त्याच्याखाली सह्या केल्या. गिऱ्हाईक कार्पेट एरिया वाचतं, पार्किंग वाचतं. बाविसावं कलम कोण वाचतो? नोंदणी झाल्यावर मी सरांना विचारलं, तुमचं नाव का नाही घातलं? ते म्हणाले, "माझं नाव घातलं तर मी मेल्यावर कलम मरेल."

म्हणजे सरांचा तारा कोणी हिरावला नाही. त्यांनी तो सौद्यात दिला आणि त्याच्या बदल्यात काय घेतलं हे वर लिहिलं आहे. सभेत हे एकालाही माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं त्याला माइक मिळाला नाही.

तीन वर्षं ते शनिवार चालले. लिफ्टने लोक वर यायचे, पोळीभाजी केंद्रवाल्या बायका, एसटी डेपोतले दोन कंडक्टर, शाळेतली मुलं, एक मौलवीसाहेब तर न चुकता. पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण डोक्यावर बघायचा, कारण एवढा मोठा तारा तो वरच असणार. सर त्याची हनुवटी धरून खाली आणायचे. मी आधी लिफ्ट नीट चालते का बघायला जात होतो. मग तसाच जात राहिलो.

एकदा गच्चीच्या कोपऱ्यात उरलेल्या सळया पडल्या होत्या. सरांनी एक उचलली.

"जना, ही कुठून आणलीस?"

"जालन्याहून."

"त्याच्या आधी?"

"खाणीतून आली असेल."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काय सर? जमिनीतच होती."

"जमिनीत कोणी ठेवली? एक मोठा तारा मेला, फुटला, तेव्हा त्याच्या पोटात शिजलेलं हे लोखंड उडालं. त्याचा तू स्लॅब टाकतोस आणि चौरस फुटाच्या भावानं इकतोस."

तारा कसा उभा राहतो हे मला त्यांनी माझ्याच भाषेत सांगितलं. ताऱ्याचं वजन सगळीकडून आत दाबत असतं आणि आतली आच बाहेर ढकलत असते. दोन्ही जोर सारखे आहेत तोवर तारा उभा. आतलं इंधन सरत आलं की गाभा आकसतो आणि वरचं अंग फुगतं. तो राक्षसी होतो, लांबून फार भारी दिसतो. "फुगलेला दिसला की समजावं, आतलं संपत आलं," असं म्हणून ते माझ्या पोटाकडे बघायचे, आणि सगळे हसायचे. मोठे तारे लवकर संपतात हेही त्यांनीच सांगितलं. बारके तारे चुलीतल्या निखाऱ्यासारखे जपून जळतात. मोठ्याकडे इंधन जास्त, पण तो उधळ्या.

आणि आपला ध्रुव? तोसुद्धा ऐन उमेदीतला नाही. सर सांगायचे, तो सूर्यापेक्षा कितीतरी मोठा आणि म्हातारपणाकडे झुकलेला आहे. दर चार दिवसांनी किंचित फुगतो, किंचित आकसतो. "आपण त्याला अढळ म्हणतो आणि तो तिथं धापा टाकतोय," सर म्हणायचे. पुढे कधीतरी अंगावरचं सगळं उधळून तो पृथ्वीएवढा पांढरा गोळा होऊन राहील आणि निवत जाईल. हे ऐकून एका बाईंना वाईट वाटलं. सर म्हणाले, "ताई, वाईट कशाला वाटून घेता? धापा टाकतोय तरी ड्युटी सोडली नाय त्यानं."

माझ्या पुतण्याच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. मुहूर्त दुपारचा, हॉल एसी. सप्तपदी झाल्यावर भटजींनी नवरानवरीला छताकडे बोट दाखवून म्हटलं, "ध्रुव बघा. दिसला म्हणा." नवरी लाजत म्हणाली, "दिसला." पहिल्या रांगेतून सरांचा आवाज आला, "पोरी, तो पंखा हाय. आणि ती दक्षिण हाय." हॉल हसायला लागला. भटजीही पक्के होते. म्हणाले, "सर, शास्त्रातच आहे. दिसला नाही तरी दिसला म्हणायचं." सर म्हणाले, "मग निदान तिला उत्तरेकडं तोंड करून खोटं बोलू दे." मी उठलो आणि दोघांना स्वतः वळवून उभं केलं. व्याही महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

मग इमारतीची कमिटी बदलली. नवे चेअरमन आले, तेच ते, डोळे पुसणारे. त्यांनी फलक लावला: गच्चीवर बाहेरच्यांना प्रवेश बंद. वर भलंमोठं कुलूप. एका शनिवारी सर सातव्या मजल्यावर जाऊन कुलपाला हात लावून खाली आले. वॉचमन तुकारामने त्यांना बसायला स्टूल दिलं आणि मला फोन केला.

इथे माझी चूक झाली, ती मी लपवत नाही. मी करार घेऊन कमिटीच्या मीटिंगमध्ये गेलो. बाविसावं कलम दाखवून गप्प बसलो असतो तर निम्मे लोक वळले असते, दोघं-तिघं मान हलवतही होते. पण चेअरमन म्हणाले, "कोण कुठले लोक वर येतात, आमच्या बायका-मुली राहतात इथे." माझं डोकं फिरलं. त्या गच्चीवर कोण येत होतं ते मला माहीत होतं. मी त्यांच्या घरच्यांपर्यंत गेलो, नको ते बोललो, टेबलावरचा पाण्याचा जग उडवला. मान हलवणाऱ्यांनी माना खाली घातल्या. कुलूप कायम ठेवायचा ठराव एकमताने झाला.

सरांना सांगायला गेलो तेव्हा ते अंगणात जाळं विणत बसले होते. सवय म्हणून विणायचे, मासेमारी कधीच सुटली होती. त्यांनी ऐकून घेतलं.

"तू भांडायला गेलास, जना. मागायला नाय गेलास."

"आपल्या हक्काचं मागायचं कशाला?"

"हक्काचंच मागायचं असतं. बिनहक्काचं लोक आपणहून घेतात."

मला राग आला होता, तो त्यांच्यावरच काढला. म्हटलं, ताऱ्याला काय फरक पडतो कोणी बघितलं न बघितलं? सरांनी जाळं खाली ठेवलं. "त्याला नाय पडत. मला पडतो. म्हणून तर मी तुझ्या ऑफिसात तीन आठवडे बसलो."

त्या थंडीत मी त्यांना गाडीत घालून द्रोणागिरीला नेलं. म्हटलं, तिकडे खाडीकाठी अंधार असेल. अंधार कसला! कंटेनर यार्डाचे दिवे, उलव्याच्या बाजूला क्रेनचे, विमानतळाकडचं आभाळ नारिंगी. सर बांधावर उभे राहिले. हात ताणून मूठ धरली, पण ती डोळ्यांच्या रेषेत राहीना. मी त्यांचं कोपर धरलं. "हाय," ते म्हणाले. मला काहीच दिसत नव्हतं. मी म्हटलं, "सर, खरंच दिसतोय, की भटजींसारखं?" त्यावर ते इतके हसले की त्यांना खोकला लागला आणि आम्हाला गाडीत येऊन बसावं लागलं.

दीड महिन्याने ते गेले. घरीच, सकाळी, चहा समोर ठेवलेला. हे सुनेने सांगितलं.

आणि मग ती सभा. सभेनंतर आठ दिवसांनी चेअरमन माझ्या ऑफिसात आले, कारण त्यांना माझी गरज होती. त्या जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, माझ्याकडून राहिलं होतं. तोवर ती माझी चालढकल होती, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी मी ठरवून सही केली नाही.

"शेठ, काय हवंय ते स्पष्ट सांगा."

"कुलूप काढा. दर शनिवारी. बाविसावं कलम."

"अहो, सर तर गेले. आता कोणासाठी?"

"करारात सरांचं नाव दाखवा मला."

मग ते म्हणाले, वर्षातून एकदा ठेवू, सरांच्या स्मृतिदिनी, फोटोला हार घालू. मी म्हटलं, दर शनिवारी. ते म्हणाले, महिन्यातून एकदा. मी म्हटलं, दर शनिवारी. ते म्हणाले, तुमच्या सहीशिवायही कन्व्हेयन्स करून घेता येतं. मी म्हटलं, येतं ना, घाला हेलपाटे, मी चपला घेऊन देतो. पनवेलमध्ये बोभाटा झाला की बिल्डर सोसायटीची जमीन अडवून बसलाय. होय, अडवून बसलो. मी या गावात याहून वाईट नावं कमावली आहेत आणि त्यांचा मला यापेक्षा कमी फायदा झाला. पण या वेळी मी एकदाही आवाज चढवला नाही. पाण्याचा जग टेबलावरून आधीच उचलून ठेवला होता.

दोन महिन्यांनी ते कबूल झाले. लेखी. त्यांच्या दोन अटी होत्या: येणाऱ्याने वहीत नाव लिहायचं, आणि पूर्ण वेळ कमिटीचा एक माणूस गच्चीवर हजर राहणार. मी म्हटलं, जरूर.

परवा पहिला शनिवार झाला. कमिटीतलं दुसरं कोणी यायला तयार नव्हतं, म्हणून चेअरमन स्वतः आले, बर्म्युडा घालून, हातात मोबाइल. अकरा माणसं आली. पण महामार्गाच्या कामाचा धुरळा आणि वर ढग, उत्तरेला करडी भिंत उभी. एकही तारा नाही. मला सरांसारखं बोलता येत नाही. सळईची गोष्ट सांगितली, ती अर्धवटच जमली. अर्ध्या तासात माणसं एकेक करून उतरली. खालच्या बाजूला सरांचं घर दिसत होतं, गच्चीवर सुनेने वाळत घातलेले कपडे.

चेअरमन टाकीच्या कठड्यावर बसले होते. घड्याळ बघून म्हणाले, "शेठ, काही दिसत नाहीये. बंद करायचं ना?"

"अजून सव्वा तास आहे."

"पण बघायचं काय?"

"कलमात दोन तास लिहिलंय. काही दिसलंच पाहिजे असं लिहिलेलं नाही."

त्यांनी तुकारामकडे बघितलं. तुकारामने कुलूप किल्लीसकट खिशात घातलं आणि दुसरीकडे बघितलं. डास चावत होते. चेअरमन पाय खाजवत बसले, मी उभा राहिलो. मग लिफ्टचं दार वाजलं आणि गल्लीतली एक बाई आपल्या म्हाताऱ्या सासूचा हात धरून जिन्याच्या तोंडाशी आली. आत यावं की नाही, तिला कळेना.

"दादा, उघडं हाय ना?"

"उघडं आहे," मी म्हटलं. "या."